नॉर्मल म्हणजे मी

४ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढतोय.
माझी पट्टी तयार! मधे कागद, वर-खाली प्लॅस्टिक. कागदावर मेणाच्या रेघांनी आखलेली बारीक वाट. रक्ताचा थेंब टाकला की तो त्या वाटेने आपोआप औषधापर्यंत जातो. रक्तात साखर जास्त, तर डाग गडद जांभळा. ठीक असेल तर फिकट. किंमत चहाच्या कपाहून कमी. महिनाअखेर विभागप्रमुख सरांना दाखवायची. पसंत पडली तर गावोगावच्या दवाखान्यांत जाईल. नाहीतर मी पुन्हा प्रथम वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घेणार.
संकल्प : रोज सकाळी फिरणे.

५ मार्च
फिरणं झालं नाही. बुटाची लेस सापडेना.
पहिली चाचणी स्वतःवरच. निरोगी माणूस शोधत कोण बसणार? डाग वांग्यासारखा जांभळा! अर्थात औषध जास्त पडलंय. पट्टी फेकून दिली.

९ मार्च, सकाळी
औषध निम्मं केलं. तरी गडद. प्लॅस्टिक चिकटवणाऱ्या मशीनला मनसोक्त शिव्या घातल्या.
बायकोचं म्हणणं, पट्टी राहू द्या, आधी लॅबमध्ये जाऊन रक्त तपासून या, रात्रभर पाणी प्यायला उठता. मी म्हटलं, उकडतंय. तिने अंगावरची रजई दाखवली. काहींना थंडी जरा जास्तच वाजते.

१४ मार्च
जमलं! औषध इतकं पातळ केलं की माझा डाग अगदी फिकट. हाच रंग 'नॉर्मल' म्हणून खोक्यावर छापायला दिला.
मग बायकोचं बोट टोचलं. पट्टी पांढरी ती पांढरीच. म्हणजे हिची साखर कमी. गोड खात जा, असं सांगितलं. तिने साखरेचा डबा उचलून माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला. घरच्यांना आपली किंमत नसते.

२१ मार्च
पँट कमरेवर टिकत नाही. फिरण्याचा नुसता संकल्प केला तर एवढा फरक! प्रत्यक्ष फिरलो तर काय होईल?
उद्यापासून नक्की.

२९ मार्च
विजय! सरांना जुना मधुमेह, खिशात गोळ्या घेऊनच फिरतात. सगळ्या विभागासमोर त्यांचं बोट टोचलं. पट्टी म्हणाली, नॉर्मल. सरांचे डोळे पाणावले. केक मागवला, दोन तुकडे खाल्ले, तिसरा घरी नेला. गोळ्या आता कशाला, असं म्हणाले. मी म्हटलं, पट्टी सांगते तेच खरं.

३१ मार्च, दवाखान्यातून
काल सर जिन्यातच चक्कर येऊन बसले. त्यांना इथे आणलं. साखर आभाळाला भिडलेली. मी नर्सला स्पष्ट सांगितलं की तुमचं मशीन बिघडलंय, हवं तर माझ्यावर तपासून बघा, नॉर्मल म्हणजे मी. तिने तपासलं. मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला सरांच्या शेजारची खाट दिली.
सर अजून माझ्याशी बोलत नाहीत. मात्र प्रथम वर्षाची प्रॅक्टिकल्स सोमवारपासून आहेत, एवढं त्यांनी नर्सकरवी कळवलं.
संध्याकाळी बायको आली. रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मी फेकलेली पहिली पट्टी तिने उचलून ठेवली होती. ती पर्समधून काढून तिने माझ्या उशाशी ठेवली. वांग्यासारखी जांभळी.
बिचारी पहिल्याच दिवशी खरं बोलली होती. तिला खोटं बोलायला शिकवण्यात माझा महिना गेला.