शेवटचा शेर

उस्ताद,

तुम्ही हे जग सोडून वीसेक वर्षं झाली आणि पत्राला आज बसलोय. त्या शुक्रवारपासूनच सुरू करतो. आखातात, अबू हलीफा गावातल्या तुमच्या खोलीत सुट्टीच्या दुपारी आम्ही सात-आठ जण जेवायला जमायचो. डाळीला फोडणी देता देता तुम्ही शेर ऐकवायचात, कधी उर्दूत, कधी ठेठ पंजाबीत, आणि हसून हसून आमचा घास हातातच राहायचा. कंपनीत तुम्ही स्टोअरकीपर, मी टायपिस्ट. पण रत्नागिरीच्या शाळेत उर्दू शिकलो होतो, म्हणून तुमच्या गझला सुवाच्य अक्षरात उतरवायचा मान माझा. त्या दुपारी मी शहाणपणा केला, तुमचा एक शेर सगळ्यांना इंग्रजीत करून दाखवला. तुम्ही पळी हातात धरून म्हणालात, "अंग्रेज़ी तो पूरी आ गई बेटा, हँसी रास्ते में उतर गई." सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

आठवड्याभरात कुणीतरी तुमची नवी गझल आमच्या इंग्रज साहेबांच्या टेबलावर पोचवली. अक्षर माझंच. साहेबांनी मला आत बोलावलं. "वाच. इंग्रजीत." नोकरी गेली की तुम्हाला देश सोडावा लागणार आणि मागे तीन मुलींची लग्नं व्हायचीत, हे मला ठाऊक आहे. एसीच्या खोलीत मी घामाने भिजलोय. पहिल्याच शेरात साहेब गारव्यात बसून आम्हाला विचारतात, यंदा उकाडा आहे म्हणे? एकेक शेर मी अचूक सांगतो आणि साहेबांचे कान लाल होत जातात. आता फक्त मक्ता उरलाय, तो शेवटचा शेर, ज्यात तुम्ही नेहमी स्वतःचीच टोपी उडवायचात. इथे तुम्ही घाम पुसत पुसत साहेबांना म्हणता, छे हो, बाहेर काय थंडी, मी तर रजई आणलीय! त्या एका शेराने सगळी थट्टा साहेबांवरून तुमच्यावर वळते. मी कागदाची घडी केली. म्हटलं, "एवढंच आहे, सर."

तुम्हाला बोटीवर पोचवायला मीच आलो होतो. ट्रंकेवर बसून तुम्ही विचारलंत, "मक़ता सुनके भी नहीं हँसा?"

"नहीं, उस्ताद."

तुम्ही वही काढलीत, "तो फिर शेर ही कच्चा था," म्हणालात आणि त्यावर काट मारलीत. पुढे गावाहून तुमची पत्रं यायची, खुशालीची. त्यांत एकही शेर नसायचा.

शेर कच्चा नव्हता, उस्ताद. तो मी वाचलाच नाही. साहेब हसला असता, आणि मला तेच नको होतं. हे मराठीत लिहितोय, कारण मराठी तुम्हाला वाचता यायची नाही. उर्दूत लिहायला अजून हात धजावत नाही.