एकशे सत्त्याऐंशी रॉकेटं आणि ताईची खोली

सोमवार, ३ मार्च

आज कपाटावरून एक रॉकेट निसटलं आणि थेट यांच्या चहात! नाक खाली, पंख वर. कप वाचला, पण पेपर, शर्ट, भिंत – सगळीकडे चहा. हे शांतपणे उठले, रॉकेट पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझी पिल्लं आता नेम धरायला लागली." बत्तीस वर्षं दारोदार टपाल टाकलेला माणूस. कुत्र्यांना कधी घाबरला नाही. आणि आता स्वतःच्याच स्वयंपाकघरात मान वर करून बघत बघत घोट घेतो.

कबूल करते. जागा संपली. खालची खोली कधीच भरली, मग जिन्याखालचा कोनाडा, मग पलंगाखाली, आता न्हाणीघरातली फळीसुद्धा. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासायच्या, आणि घरी आल्यावर तसल्याच कानशीने रॉकेटचे पंख घासायचे. पुठ्ठ्याची नळी, हलकं लाकूड, पोटात घडी घातलेलं पॅराशूट. हात थांबतच नाहीत, त्याला मी काय करू?

गुरुवार, ६ मार्च

ताई पडली! खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, धोका नाही. चौतीस वर्षं वॉर्डात पेशंटना "उठा, चाला, लाड पुरे" म्हणून दटावणारी बाई आता स्वतः पलंगावर – आणि तिथूनच पोरसवदा नर्सला चादरीचे कोपरे कसे मुडपायचे ते शिकवते आहे.

डॉक्टर म्हणाले, जिने बंद. ताई एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे लगेच पुढे झाले. "आमच्याकडे खाली एक खोली आहे की!"

आहे की.

मग हे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

शनिवार, ८ मार्च

आज बसून मोजली. एकशे सत्त्याऐंशी. यातली उडवलेली – शून्य.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, मी सुट्टीच्या दिवशी उडवून येत असेन. पहिलं तेवढं उडवलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. पांढरंशुभ्र, माझ्या कमरेएवढं, चार महिने खपून केलेलं. काय गेलं होतं वर! आणि मग वाऱ्याने पॅराशूट धरलं आणि ते नदीपलीकडे गेलं. लेक तेव्हा सात वर्षांची. पुलापर्यंत धावली बिचारी. नाही सापडलं. त्यानंतर मी फक्त करत गेले. उडवायचं म्हटलं की मी पुढच्याची नळी कापायला बसते.

सोमवार, १० मार्च

यांना सुचवलं – ताईला खुर्चीसकट उचलून वरच्या खोलीत नेऊ. यांनी पायजमा वर करून आपले गुडघे दाखवले.

गुरुवार, १३ मार्च

वाटपाचा प्रयत्न. हसावं की रडावं!

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना बारा दिली. हरखून गेल्या. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा परत – मुख्याध्यापकांनी 'यात दारू भरतात का?' असं विचारलं म्हणे. भरतात. त्याशिवाय उडेल कसं!

मग आमच्या दातांच्या डॉक्टरांना म्हटलं, बाहेर पेशंट बसतात तिथे वीस लावू का? लावली. तीन दिवसांनी डॉक्टर हात जोडून समोर. "बाई, काढा हो ती. नंबर पुकारला तरी कुणी आत येत नाही. मान वर करून बसतात नुसते." चौदा परत आणली. सहा पोरांनी लांबवली होती. बरं वाटलं, खरं सांगायचं तर!

काल एक दुकानदार आला. सगळीच्या सगळी हवी होती, काचेत मांडायला. म्हणाला, "पंख जरा कापावे लागतील, बसत नाहीत कपाटात." मी त्याला चप्पल घालायलासुद्धा वेळ दिला नाही.

मंगळवार, १८ मार्च

ताई आली.

खोलीतली जमीन मोकळी केली आम्ही, पण रॉकेटं जाणार कुठे? यांनी युक्ती काढली – दोरे बांधून सगळी छताला टांगली. मला तर फारच सुंदर वाटलं. ताई आडवी झाली, वर बघितलं, बराच वेळ बघितलं.

"ठमे, हॉस्पिटलमध्ये निदान छत पांढरं होतं."

पंखा लावता येत नाही. लावला तर आरमार हलतं.

शुक्रवार, २१ मार्च

आज लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

ताईचा चष्मा शोधताना तिच्या पिशवीत एक फॉर्म मिळाला. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, त्या संस्थेचा. तिच्या त्या ताठ, सरळ अक्षरात पूर्ण भरलेला. खाली सही. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात लिहिलंय – एक बहीण आहे. तिच्याकडे जागा नाही.

मी फॉर्म तसाच तिच्यापुढे धरला. "हे काय?"

"खोटं लिहिलंय का काही?" तिने चष्मा मागायला हात पुढे केला. "एक तारखेला त्यांचा पलंग रिकामा होतोय. मी येते म्हणून कळवलंय."

आई गेली तेव्हा मी नऊची होते आणि ताई सोळाची. माझ्या वेण्या तिने घातल्या. माझा ताप तिने बघितला. कवळ्यांचं काम शिकायला जायचं म्हणून मी रडत होते, तेव्हा हाताला धरून दारापर्यंत सोडायला तीच आली होती. आणि तिच्यासाठी माझ्याकडे जागा नाही!

हे म्हणाले, "रागावून नाही लिहिलं त्यांनी. खरं वाटलं ते लिहिलं." म्हणूनच जास्त लागलं.

शनिवार, २२ मार्च

सकाळी उठले ती कात्री घेऊनच. स्टुलावर चढले आणि दोरे कापायला सुरुवात केली. खाली मोठ्या पिशव्या ठेवल्या होत्या – सरळ कचऱ्यात. चार कापून झाले असतील, तोच ताईचा वॉर्डातला आवाज! "ठेव ती कात्री!"

ठेवली. एकोणसाठ वर्षांची बाई मी, पण त्या आवाजापुढे नऊचीच होते.

"उडतात का ही?"

"उडतील."

"उडतील म्हणजे? तुला माहीत नाही?"

मग सांगितलं सगळं. पांढरं रॉकेट, नदी, पूल. वाटलं, हसेल. हसली नाही. मग म्हणाली, "चौतीस वर्षांत एकाही पेशंटला मी चार पावलं चालवल्याशिवाय घरी पाठवलं नाही. आणि तू यांना एकदाही न उडवता टाकून देणार? उतर खाली. मैदान बघ कुठे मिळतंय ते."

लेकीला फोन केला. ती तिकडून किंचाळलीच – "मावशीला माझ्याकडून एक पापी दे!"

मंगळवार, २५ मार्च

परवानगी हवी म्हणून अग्निशमन केंद्रात गेले. तिथले साहेब जाड भिवयांचे, एकदम गंभीर. "किती उडवणार?"

"एकशे एक्याऐंशी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मग मी स्वतः येतो. गाडी पण आणतो." काळजी म्हणून की हौस म्हणून, कळलं नाही. पण सही मात्र झोकात केली.

इकडे यांच्या अंगात जुनी ड्यूटी संचारली आहे! चिठ्ठ्या लिहिल्या – 'रविवारी सकाळी मैदानावर या. जो पकडेल त्याचं रॉकेट.' – आणि जुन्या वाटेने घरोघरच्या पेट्यांत टाकून आले. गुडघ्यांचं नाव नाही. ताई म्हणाली, "अहो पोस्टमन, तुमच्यासारखे पेशंटच डॉक्टरांना खोटं पाडतात."

रविवार, ३० मार्च

हात अजून काळे आहेत. वासही जात नाही. जाऊ नये!

ताई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बटणाची पेटी. बटण तिनेच दाबायचं, असं तिनेच ठरवलं. लाल गाडी एका बाजूला. माणसं म्हणाल तर – मला वाटलं होतं पंधरावीस येतील. अख्खं मैदान भरलं! पहिलं रॉकेट मी सळईवर चढवलं, तारा जोडल्या, मागे आले. ताईने इंजेक्शन द्यायच्या आवाजात मोजलं – "तीन, दोन, एक, श्वास रोखा!"

फुस्स. जरासा धूर. काहीच नाही.

मला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं. ताई म्हणाली, "तार सुटली असेल. जा, बघ." खरंच सुटली होती. पुन्हा जोडली. पुन्हा तीन, दोन, एक. मी डोळे गच्च मिटले. सुंऽऽऽ असा आवाज माझ्या छातीतून गेला.

"ठमे! डोळे उघड!"

उघडले. इतकं वर, इतकं बारीक, आणि सरळ! मग टप्पकन नारिंगी पॅराशूट उघडलं. हलत हलत खाली येत होतं, आणि बेकरीवाल्या बाई पिठाच्या हातांनी, एप्रन सावरत त्याच्यामागे धावत होत्या. पकडलं त्यांनी! छातीशी धरून उड्या मारल्या. मला वाटलं होतं, एक तुकडा तुटून जाईल माझा. तसं काहीच झालं नाही. मी ओरडत होते – "पुढचं द्या! पुढचं द्या!"

मग काय विचारता. निळी, पट्ट्यांची, तीन मजल्यांची. चाव्या बनवणारे आजोबा आ वासून वर बघत राहिले, आणि त्यांची कवळी गवतात पडली! कवळी माझ्याच हातची. धुऊन दिली आणि म्हटलं, "उद्या या, घट्ट करून देते." ते म्हणाले, "आधी ते हिरवं उडवा."

अकरा झाडांत अडकली. एक लाल गाडीच्या टपावर उतरलं, ते साहेबांनी इकडेतिकडे बघून हळूच आपल्या सीटखाली सारलं. मी बघितलं. त्यांनीही मला बघितलं.

दुपारी रॉकेटांच्या पेट्या रिकाम्या. पहिल्याचं दोनदा धरून एकशे ब्याऐंशी वेळा बटण दाबून ताईचा अंगठा सुजला. दाखवत होती सगळ्यांना.

सोमवार, ३१ मार्च

खोली मोकळी. छत पांढरं. पंखा लावला.

ताई बॅग भरते आहे. मी म्हटलं, "आता जागा आहे ना?" ती म्हणाली, "आहे. पण मी त्यांना शब्द दिलाय, ठमे. आणि इथे पडून मी करू काय दिवसभर? तुम्ही दोघं माझ्याकडे बघणार, मी पंख्याकडे." हे दारातून आत आले आणि बॅग उघडी धरून उभे राहिले. मी कपड्यांच्या घड्या घालून दिल्या.

उद्या अकराला संस्थेची गाडी येईल.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी आठला बेल. दारात बेकरीवाल्या बाई – पंख मोडलेलं रॉकेट घेऊन. मागे चाव्यावाले आजोबा, वाकलेलं नाक घेऊन. त्यांच्या मागे फाटक्या पॅराशूटवाले सहा-सात जण. मी कानस शोधायला आत गेले, बाहेर आले तर ताईने खुर्ची दारात आडवी लावलेली, हातात वही. "रांगेने! गंभीर आधी. नुसतं खरचटलेल्यांनी बसून घ्या."

साडेदहाला संस्थेचा फोन आला. तिनेच घेतला.

"नाही हो, नाही येत. इथे माझी ड्यूटी लागली आहे."