उलटा सदरा

अहो, नमस्कार.

इथे सगळे खुशाल आहेत, माझा खोकलाही आता नावापुरताच उरलाय. तुमचा गुडघा काय म्हणतो?

सणाच्या सकाळी लेकाने नवा सदरा घातला, तर नातीने घर डोक्यावर घेतलं. "आजोबांच्या घरी सणाला उलटाच घालतात," म्हणे. तुम्ही एका सणाला घाईत उलटा सदरा घालून पाहुण्यांत मिरवलात, ते लेकाने तिला सांगितलं असणार. पोरीने त्याची रीतच करून टाकली. धाकट्याचं झबलंही तिनेच उलटवलं. सूनबाई हसत आत जाऊन कुडता उलटा करून आली; गुणाची आहे हो. मग मीही स्वेटर उलटा चढवला.

जेवताना पोरीने विचारलं, "आजोबांनीही आज उलटाच घातला असेल?"

म्हटलं, "असेलच. सुलटा करायला लावणारी इथे येऊन बसलीये ना."

तब्येतीला जपा.

तुमचीच