झायलोकॅलिप्ट्राची पाटी

तीर्थरूप ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींना दवाखान्यात नेलंस, की त्यांचं अजून 'बघू'च चाललंय? इकडे मी ठणठणीत आहे आणि बागही. (तू बागेचं आधी विचारतेस आणि भावाचं नंतर, हे मी विसरलेलो नाही.)

तर गेल्या महिन्यात आमच्या उद्यान खात्याच्या साहेबांनी ठरवलं, की अवजारांच्या खोलीमागचं झाड तोडायचं आणि तिथे गाड्या लावायच्या. अकरा वर्षं मी त्याला पाणी घातलंय, माझा जीव तीळतीळ तुटला. पण आमच्याकडे नियम असा, की नावाची पाटी असलेलं झाड नोंदवहीत जातं आणि मग त्याच्या फांदीलाही हात लावायला तीन सह्या लागतात. बिनपाटीचं झाड म्हणजे गवत. खोलीत मेलेल्या झाडांच्या पत्र्याच्या पाट्यांचं खोकं पडलं होतं. त्यातली सगळ्यात लांब निवडली, 'झायलोकॅलिप्ट्रा', आणि तारेने बांधली. (झाडाला खिळा मारणाऱ्याचं मी तोंड बघत नाही.)

तोडण्याआधीच्या पाहणीला साहेबांबरोबर वृक्ष समिती आली, त्यात एक निवृत्त प्राध्यापक होते. पाटी वाचून म्हणाले, हे ग्रीक, अर्थ 'पदर घेतलेलं लाकूड'. समितीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, छे, 'लपलेलं लाकूड'. पाऊण तास दोघांची जुंपली. झाडाकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. मी मध्येच सांगून टाकलं, की याला फूल येत नाही, हेच याचं वैशिष्ट्य. दोघांनी माना डोलावल्या, साहेबांनी पाटीची नोंद करून कुऱ्हाडवाल्यांना परत पाठवलं. ताई, अंगावर मूठभर मांस चढलं. या खात्यात झाडांतलं कळणारा मी एकटाच, यात आता कोणाला शंका उरलेली नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. झाड दुर्मीळ ठरल्यामुळे साहेबांनी शहरभर त्याची दोनशे रोपं लावायचं जाहीर केलंय. ती मी करायची आहेत. 'महिन्यात देतो' असं मी बोलून बसलोय. पण फांदी छाटायला तीन सह्या हव्यात आणि प्राध्यापक म्हणतात, एवढ्या दुर्मीळ झाडाला ते कात्री लावू देणार नाहीत.

आणखी एक. तुझ्या परसातून मी टोमॅटोला आधार म्हणून एक काठी आणली होती. टोमॅटो गेला, काठीला पालवी फुटली, तेच हे झाड. ती तू कुठून तोडली होतीस, तेवढं आठवून कळव. शेजारच्यांच्या कुंपणाची असली तरी हरकत नाही. दोनशे काठ्या गुपचूप पाठव, पाट्यांचं मी बघतो.