कारणाचा रकाना

तात्या,

तुमच्यावर रागवायला मला पन्नाशी उलटावी लागली. तुम्ही असताना ते जमलं नसतं. तुम्ही नुसती मान वर करून बघितलंत, की माझं सगळं संस्कृत घशातच राहायचं.

वडगावच्या स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. आई भाकरी थापतेय आणि ओसरीवर तलाठ्याचा माणूस विहिरी लिहून घेतोय. तुम्ही सांगता, एक. मी आतून शहाण्यासारखा ओरडतो, "आणि मळ्यातली बोअर?" तो गेल्यावर तुम्ही मला मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "त्यानं बोअर इचारली व्हती का? सरकारला इचारल्याबिगर काय सांगायचं न्हाय." शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, त्यामुळे रिटर्न नावाचा कागद आपल्या घरात कुणी पाहिला नव्हता, आणि तुमचं ते वाक्य चाळीस वर्षं बिनबोभाट चाललं.

मग तुमची नात शिकायला अमेरिकेत गेली. पहिल्या वर्षी तिची कमाई शून्य. तरी तिच्या विद्यापीठाची मेल आली: कमाई नसली तरी परदेशी विद्यार्थ्यानं कर खात्याकडे एक फॉर्म भरायचाच. तिनं बारामतीला मला फोन केला. मी म्हणालो, "कमावलं नाहीस, मग कळवायचं काय? गप अभ्यास कर." दुसऱ्या वर्षी ती तिथल्या लायब्ररीत काम करू लागली, तेव्हा पुन्हा विचारलं. "पगारातून कर कापतात ना? मग झालं." वैशेषिक दर्शनात अभाव, म्हणजे 'नसणं', हाही एक पदार्थ आहे, हे मी जन्मभर संस्कृतच्या वर्गात शिकवत आलो. अमेरिकेच्या कर खात्याला ते न शिकवता कळतं. 'काही नाही' हेसुद्धा त्यांना सहीनिशी लागतं.

आता तिला तिथं नोकरी मिळालीय. व्हिसाचं काम बघणारा वकील दोन्ही वर्षांच्या फॉर्मच्या प्रती मागतोय. प्रती नाहीत. उशिरा भरता येतं म्हणे, पण तेवढ्यात अर्ज अडकला तर नोकरी गेली आणि पोरगी परत. उशीर का झाला, हेही लिहून द्यायचंय. काल तिनं फोनवर विचारलं, "बाबा, कारण काय लिहू?"

"आजोबांची शिकवण, असं लिही."

"आजोबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते, बाबा. मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा."

तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. फोन ठेवला आणि तासभर तुमच्या फोटोशी भांडलो. तुम्हाला आयुष्यात कुणी उलट विचारलं नाही, म्हणून तुमचं खपलं, तात्या. निस्तरायला मात्र ती बसलीय, सातासमुद्रापार, एकटी.

हे पत्र खरं तर तिला जायला हवं. तुम्हाला लिहितोय, म्हणजे ते कुठंच जाणार नाही. दोन्ही वेळा तिनं मला तो फॉर्म पाठवला होता. मी शिक्षकांच्या खोलीत उघडला, अर्धं पान इंग्रजी वाचलं, ओ की ठो कळलं नाही, आणि मिटला. तसं म्हणायची लाज वाटली. तेव्हा तुमची आठवणसुद्धा झाली नव्हती. तुमचं नाव मला काल सुचलं.

आज सकाळी तिनं लिहिलेलं कारण वाचायला पाठवलं: 'मला नियम नीट कळला नाही.' मी "बरोबर आहे" असं कळवलं.