पुरलेला श्वास

सोमवार, ४

आलो बुवा एकदाचा! गाडीतून उतरताच लेकीनं गळ्यात पडून आधी रडून घेतलं, मग ट्रंकेत कपडे कमी नि कवितांची पुस्तकंच जास्त म्हणून झापलं. घर कंपनीचं, गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या कुंपणाला लागून. माझे गुडघे जिना चढेनात, म्हणून जमिनीत अर्धी रुतलेली तळाची खोली मला दिली. उंच पलंग, लिहायला टेबल, त्याच्यावर एक आखूड खिडकी. भिंगरीनं, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या नातीनं, लगेच जाहीर केलं की दुपारची ती इथंच झोपणार, खाली सतरंजीवर. मला शाळेच्या पहिल्या दिवसासारखं वाटतंय.

बुधवार, ६

जावईबापूंनी आपलं काम समजावलं. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेत न सोडता पकडायचा, दाबायचा नि नळानं जमिनीखालच्या रिकाम्या गॅसविहिरींत कोंडायचा. नळ आमच्या अंगणाखालूनच जातो. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही राक्षसाचा श्वास पुरून ठेवता! ते हसून म्हणाले, बाबा, हे साहेबांना ऐकवतो, बढती मिळेल.

माझ्या खोलीत धोक्याची घंटा छताला टेकलेली आहे. इतकी वर का, विचारलं. तर म्हणे जळणाचा गॅस वर चढतो, पहिल्यापासून सगळ्या घंटा तिथंच. या नव्या वायूचीही तिच्याच शेजारी बसवून टाकली.

शनिवार, ९

भिंगरीला कविता शिकवतोय. शार्दूलविक्रीडितातला अख्खा श्लोक मी एका दमात म्हणत असे, गुरुजी पाठ थोपटत. आज दुसऱ्याच ओळीला धाप लागली. जिभेवर सोडावॉटरसारखी आंबट चव. लेक म्हणाली, मग दोन दमांत म्हणा ना, आता कोण मार्क देणार आहे?

भिंगरी मात्र अशी गाढ झोपते की गदागदा हलवून उठवावं लागतं. माझ्या कवितांचा एवढा तरी उपयोग झाला, असं लेकीचं मत.

मंगळवार, १२

मी ओळीत थांबलो की फरशीखाली कुणीतरी श्वास घेतं. लांब, ओढून.

जावईबापूंनी घंटेकडे बोट दाखवलं. दिवा हिरवा आहे बाबा, हवा ठणठणीत.

गुरुवार, १४

श्लोक अर्ध्यात सोडला. उरलेला खालून पुरा झाला. माझ्याच आवाजात.

कुणाला सांगू? म्हातारा चळला म्हणतील, पोरीला माझ्याजवळ ठेवणार नाहीत. पण भिंगरीनंच विचारलं, आजोबा, तुम्ही पलंगावर, मग खाली कोण म्हणतंय?

शुक्रवार, १५ — दुपार

जेवताना जावईबापू सहज बोलून गेले, हा नळातला वायू जड, पाण्यासारखा खळग्यात साचतो. मी मान डोलावली. ते कामावर गेले, लेकही गेली —

आत्ता कळलं. घंटा वर. पोर खाली.

उठत नाही. ओठ निळे —

ओरडायला जातो तर आवाज निघत नाही. म्हणून लिहितोय. जो येईल त्यानं आधी तिला —

टेबलावर चढवली. खिडकी उघडली. खोकली! हलली! माझे पाय —

वही टेबलाच्या कडेवर. मी गुडघ्यांवर.

पलंगाखालून मी तिला हाक मारतोय. लाडानं. भिंगरे, ये, उतर.

डोळे उघडले तिनं. खाली बघतेय.

पोरी, माझं तोंड मिटलेलं आहे, बघ. तो मी नाही. उतरू नकोस. पाय आत घे, पाय —