खुली जागा

प्रिय माय,
तुह्या पायाले हात लावून नमस्कार. मी महापालिकेत पुन्हा निवडून आली वं, अन् यंदा खुल्या जागेवरून!

मागच्या वेळी जागा बायकांसाठी होती. यंदा आरक्षण सुटलं, तर सासरे म्हणाले, "आता विश्वनाथले उभं राहू दे. राखीव होती म्हणून तू आली."

मी म्हटलं, "राखीव होती म्हणूनच उभी राहू शकली, मामाजी. पण वस्तीत नळ तर मीच आणले न?"

पक्षानं तिकीट विश्वनाथ भाऊजींलेच दिलं. मग मी अपक्ष लढली. भाऊजी अजून बोलत नाहीत, पण माह्या हातचं जेवतात. तू काळजी नको करू. तुहा गुडघा कसा आहे?

काल सासऱ्यांनी कळमन्याच्या बाजारातून संत्री आणून गल्लीभर वाटली. प्रत्येकाले सांगत होते, "आरक्षण नव्हतं, तरी सून आली माही!"

तुही लेक,
सुभद्रा